कुलवृत्तांतात न मावलेली माणसे : घराण्यांच्या जुन्या कादंबऱ्या आणि त्यांची पुनर्मुद्रणे

माजघर (धागाकर्ती)

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत दिवाळीच्या सुट्टीत प्रथमच सलग वाचला. वंशावळ सात पिढ्यांची आहे. कोणी इनाम मिळवले, कोणी ते इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या चौकशीत गमावले, कोण मामलेदार झाला आणि कोण काशीला जाऊन वारला, हे सारे त्यात नीट नोंदलेले आहे. माझ्या पणजीच्या वाट्याला मात्र अर्धी ओळ आली आहे, ती म्हणजे पत्नी म्हणून नाव, पुढे माहेरचे आडनाव आणि मग अपत्यांची संख्या. ती नवव्या वर्षी या घरात आली आणि त्यानंतर साठ वर्षे तिने त्याच माजघरात काढली, हे मला आत्याकडून ठाऊक आहे, पण ग्रंथात ते कोठेही नाही.

त्याच आठवड्यात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ पुन्हा हाती घेतली. ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, आणि ती सबंध तिच्या नायिकेच्या, म्हणजे यमूच्या (यमुनेच्या) तोंडून सांगितलेली आहे. महाविद्यालयात असताना मी ती ‘विधवांच्या दुःखाची कादंबरी’ म्हणून वाचली होती. या खेपेस ती मला एका घराण्याची कादंबरी वाटली. आजी, आईवडील, दादा, मग सासरचे माणसांनी गच्च भरलेले घर आणि त्यात चालणारे शंकरमामंजींचे राजकारण. पुढे नवऱ्याबरोबर मुंबईला थाटलेले दोघांचे बिऱ्हाड, आणि शेवटी पुन्हा त्याच मोठ्या घराच्या तावडीत सापडणे. घर माणसाला कसे घडवते आणि कसे मोडते, हे कुलवृत्तांताला सांगता येत नाही. ते यमूला सांगता आले.

आता धाग्याचे कारण. मी वाचलेली पहिली प्रत सार्वजनिक ग्रंथालयातील जुनी, कापडी बांधणीची होती. तिची पाने इतकी ठिसूळ झाली होती की ग्रंथपालांनी ती घरी देण्यास नकार दिला आणि मी तिसऱ्या दिवसापर्यंत तेथेच बसून वाचत राहिले. राहिलेला भाग घरी वाचावा म्हणून पुस्तक प्रदर्शनातून एक नवे पुनर्मुद्रण विकत आणले. त्यात प्रकरणे जुळेनात. काही प्रकरणे एकत्र केलेली होती, यमू वाचकांशी थेट बोलते तेथील परिच्छेद गाळलेले होते, आणि याचा उल्लेख मुखपृष्ठावर, आतल्या पानावर किंवा मलपृष्ठावर कोठेही नव्हता. प्रकाशनसंस्थेचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही, कारण ही सवय एकाच संस्थेची असेल असे मला वाटत नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. मराठीत घराण्याची कादंबरी खरोखर कोठून सुरू झाली, असे आपण मानता? आणि जुनी कादंबरी विकत घेताना ती मूळ संहितेनुसार आहे की नाही, हे ओळखावे कसे?

---

दोलामुद्रित

धागा आवडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे आहे. त्यातही नायिका यमुनाच आहे आणि विषयही विधवांची स्थिती हाच आहे. परंतु ती यमुना घरात राहत नाही, ती प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या आपल्यापुढे येतात. म्हणजे तेथे अनेक घरे आहेत, पण एकही घर आपण आतून पाहत नाही. त्यानंतर १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ या अद्भुताच्या वाटेने गेल्या. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ‘विविधज्ञानविस्तारा’तून आली, १८७१ मध्ये, आणि तिच्यापासून ऐतिहासिक कादंबरीची वाट फुटली. या चौघींत घर हे केवळ पार्श्वभूमी आहे. घर हेच पात्र व्हावे, ही गोष्ट हरिभाऊंपाशी घडली, हे आपले निरीक्षण मला मान्य आहे. दोन यमुनांमध्ये तेहतीस वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात कादंबरी रस्त्यावरून माजघरात आली.

आपण उल्लेखिलेल्या गाळलेल्या परिच्छेदांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कादंबरी साप्ताहिकातून येत असे, तेव्हा मागील अंकात काय झाले ते वाचकाला अधूनमधून आठवून द्यावे लागे, आणि प्रकरणाचा शेवटही पुढच्या आठवड्यापर्यंत मन अडकून राहील असा करावा लागे. संक्षेप करणाऱ्यांना हा सारा ‘पाल्हाळ’ वाटतो. परंतु यमूचे थांबणे, मागे वळून पाहणे, ‘हे सांगू की नको’ असे घुटमळणे, यातूनच तिचा आवाज तयार झाला आहे. तो भाग काढला की कथानक उरते, आणि कथानक तर कोणीही चार ओळींत सांगू शकेल.

आणखी एक. ही प्रकरणे छापली जात होती त्याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. पुण्यात त्यावरून रणे माजली होती. वाचक एका हातात त्या वादाचे वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात ‘करमणूक’ धरून बसला होता, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय ती प्रकरणे पुरती कळत नाहीत. चांगल्या पुनर्मुद्रणाने निदान एवढे प्रस्तावनेत सांगायला हवे.

---

खाडीकाठ

कोकणातील माणूस म्हणून लिहितो. हरिभाऊंच्या कादंबरीला घराण्याची कादंबरी म्हणण्यास माझी हरकत नाही, पण पिढ्यान् पिढ्यांचा पट, ज्यात आजोबाचे पाप नातवाच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहते, तो मराठीत खऱ्या अर्थाने श्री. ना. पेंडशांनी उभा केला. ‘तुंबाडचे खोत’ १९८७ मध्ये दोन खंडांत आले. जगबुडीच्या काठचे खेड तालुक्यातील ते गाव, आणि खोतांच्या चार पिढ्या. (‘तुंबाड’ या चित्रपटामुळे अलीकडे अनेक तरुण या पुस्तकाकडे वळले आणि त्यात खजिना आणि राक्षस न सापडल्याने गोंधळले, गावाच्या नावापलीकडे दोहोंच्या कथेत काही समान नाही.)

या कादंबरीची खरी किल्ली खोती ही आहे, आणि ती आजच्या वाचकाला समजावून द्यावी लागते. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळाकडून घ्यायचे ते त्याने घ्यायचे. अर्धेल म्हणजे पिकाचा अर्धा भाग खोताला, तिर्धेल म्हणजे तिसरा. त्याखेरीज वेठ, म्हणजे फुकट राबणे, वेगळी. इंग्रजांनी १८८० च्या खोती कायद्याने हे सारे कागदावर बांधले, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास हा आपण स्वभावाचा खेळ समजून वाचतो. त्याच्या खाली जमिनीचा हा हिशेब वाहत असतो.

माझे पणजोबा खोत नव्हते, अर्धेलीने जमीन कसणारे कूळ होते. त्यामुळे ती कादंबरी मी दोनदा वाचली. एकदा खोतांच्या ओटीवर बसून, आणि दुसऱ्यांदा खळ्यात उभे राहून. माजघर यांना कुलवृत्तांतात पणजी सापडली नाही, हे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे तर कुलवृत्तांतच नाही. आमची नोंद असलीच तर ती खोताच्या वहीत, येणे बाकीच्या रकान्यात असेल.

---

माजघर

खाडीकाठ, आपले शेवटचे वाक्य वाचल्यावर मला माझ्या पहिल्या परिच्छेदाकडे पुन्हा पाहावे लागले. ज्या ग्रंथात अर्धी ओळ मिळाली म्हणून मी तक्रार करते आहे, तो ग्रंथ असणे हेच मुळात एक वतन आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

---

सोपी_मराठी

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि थोडा विरोधी सूर लावणार आहे. मूळ संहिता, मूळ संहिता असे आपण सारे म्हणतो, पण नववीतील मुलीच्या हाती शीर्षबिंदूंनी भरलेले पान दिले तर ती दुसऱ्या पानावर पुस्तक मिटते. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘घरांत’चे ‘घरात’ केल्याने कादंबरीचे काय बिघडते? माझ्या वर्गातील मुलींनी यमूची गोष्ट वाचली ती संक्षिप्त आवृत्तीतूनच, आणि त्यांतल्या दोघींनी नंतर पूर्ण पुस्तक मागितले. संक्षेपाला सरसकट शिव्या देऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

दोलामुद्रित

संक्षेपाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, मात्र ‘संक्षिप्त’ असे मुखपृष्ठावर ठळक छापलेले असावे. तक्रार संक्षेपाची नाही, लपवण्याची आहे.

अनुस्वारांविषयी मात्र माझे मत निराळे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगतो. ‘घरांत’चे ‘घरात’ केल्याने फारसे बिघडत नाही, हे खरे. पण ‘ती’ म्हणजे एक बाई आणि ‘तीं’ म्हणजे अनेक मुले. ‘का’ म्हणजे नुसते प्रश्नचिन्ह आणि ‘कां’ म्हणजे कारण विचारणे. ‘नाव’ पाण्यात चालते आणि ‘नांव’ माणसाला असते. ‘मीं’ने काम केलेले असते आणि ‘मी’ नुसती गेलेली असते. यांतले बहुतेक संदर्भाने कळते, सगळे कळत नाही, आणि घाईने बिंदू पुसणाऱ्याकडून कोठे ना कोठे चूक होतेच.

यापेक्षा अवघड प्रश्न ‘केलें’चा आहे. जुन्या छपाईत ‘केलें, गेलें, सांगितलें’ असे असे. आजच्या नियमाने लेखनात ‘केले’ करावे लागते, आणि बोलणे दाखवायचे असेल तर ‘केलं’. आता यमूची कादंबरी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तिचे निवेदन आहे. तिचे ‘केलें’ आपण ‘केले’ असे छापले तर ती अर्ज लिहिणाऱ्या कारकुनासारखी बोलू लागते. ‘केलं’ असे छापले तर ती आज शेजारच्या घरात राहणारी बाई होते. हरिभाऊंच्या काळी एकाच अक्षरचिन्हात दोन्ही मावत असत, कारण लिहिणे आणि बोलणे यांच्यातली रेघ त्या ठिकाणी आखलेली नव्हती. संपादकाला येथे प्रत्येक वाक्यापाशी निर्णय घ्यावा लागतो, आणि मी पाहिलेल्या नव्या प्रतींत तो कोणी घेतलेला दिसत नाही. एकाच परिच्छेदात ‘केले’ आणि ‘केलं’ सुखाने नांदतात.

---

सोपी_मराठी

हे उदाहरण पटले. वर्गात याचा एक तास होऊ शकेल. एकच परिच्छेद तीन तऱ्हांनी फळ्यावर लिहीन आणि यमू कोणत्या वयाची वाटते, असे विचारीन.

---

रविवारची_रद्दी

प्रत ओळखण्याच्या प्रश्नावर व्यवहारातले थोडे सांगतो; जुनी पुस्तके हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

सर्वप्रथम श्रेयनामावलीचे पान पाहावे. मूळ प्रकाशनाचे वर्ष, कोणत्या आवृत्तीवरून छापले त्याचा उल्लेख आणि संपादकाचे नाव, यांपैकी काहीच नसेल तर पुस्तक खाली ठेवावे. नुसते ‘पुनर्मुद्रण’ आणि चालू वर्ष छापलेले असेल, तर ते कशाचे पुनर्मुद्रण आहे हे प्रकाशकालाही ठाऊक नसण्याचा संभव आहे. मूळ आवृत्ती कोणती हे पाहायचे तर शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडावी. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांच्या नोंदी तिच्यात आहेत, आणि असे काम एका माणसाने मनावर घेऊन केले, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. नंतर प्रकरणांची संख्या जुन्या प्रतीशी ताडून पाहावी. पानांच्या संख्येवर विसंबू नये, कारण टंक लहान केला की तेवढाच मजकूर कमी पानांत बसतो.

दुसरे असे की, हरिभाऊ १९१९ मध्ये गेले आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे नाथमाधव १९२८ मध्ये. लेखकाच्या पश्चात साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून या दोघांची पुस्तके आज कोणीही छापू शकतो. ते चांगलेच आहे. एरवी ‘वीरधवल’ आणि ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आजच्या मुलांना दिसलेही नसते. मात्र कोणीही छापू शकतो याचा अर्थ कसेही छापावे असा काहींनी घेतला आहे. अलीकडे जुन्या प्रतीचे छायाचित्र काढून यंत्राकडून अक्षरे वाचवून घेतात आणि मुद्रितशोधन न करता तसेच छापतात. अशा एका प्रतीत मी ‘सासू’च्या जागी ‘सारू’ हा शब्द सलग सहा पाने वाचला आहे. पेंडसे २००७ मध्ये गेले, तेव्हा ‘तुंबाडचे खोत’च्या बाबतीत हा धोका तूर्त नाही.

नाथमाधवांचा विषय निघाला म्हणून सांगतो. शिकारीला गेले असता कड्यावरून पडून त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा झाला, आणि त्यांचे बहुतेक लेखन त्यानंतरचे आहे. घोडदौडी आणि गडांचे चढ लिहिणारा माणूस अंथरुणावर होता, हे ठाऊक झाल्यावर मी ती पुस्तके दुसऱ्यांदा वाचली.

---

परदेशस्थ_वाचक

मी गेली वीस वर्षे भारताबाहेर राहतो. आमच्यासाठी ठिसूळ प्रत काय आणि नवी प्रत काय, दोन्ही सारख्याच दूर. जे काही वाचतो ते बहुधा पडद्यावर. त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. रंगनाथ पठाऱ्यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ या २०१९ मधील कादंबरीने तर शीर्षकातच कुलवृत्तांत हा शब्द घेतला आहे. म्हणजे आजचा कादंबरीकार जाणूनबुजून त्या प्रकाराकडे वळून पाहतो आहे, आणि ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत कोणी छापले नाहीत त्यांचा कुलवृत्तांत तो कादंबरीतून लिहितो आहे. खाडीकाठ यांनी जे सांगितले, त्याचे एक उत्तर मला तेथे दिसते. आपले मत जाणून घ्यायला आवडेल.

---

खाडीकाठ

होय, ती वाचली आहे, आणि शीर्षकातला डाव मलाही तसाच वाटला. एक फरक मात्र नोंदवतो. कुलवृत्तांत लिहिणारा मूळ पुरुषापासून खाली येतो. कादंबरीकार बहुधा स्वतःपासून निघतो आणि वर चढत जातो. वर चढताना कागद संपतात, मोडी वाचणारा कोणी उरत नाही, आणि मग कल्पनेला पर्याय राहत नाही. आमच्यासारख्यांचे कागद फार लवकर संपतात, एवढाच काय तो फरक.

---

माजघर

सर्वांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खोल गेला.

काल मी पुन्हा त्या ग्रंथालयात गेले होते. रविवारची_रद्दी यांनी सांगितल्यावरून कादंबरीच्या जुन्या प्रतीतील पहिली दोन प्रकरणे आणि माझे विकतचे पुनर्मुद्रण ओळीने ताडून पाहिले. पहिल्या प्रकरणात अकरा ठिकाणी मजकूर गेलेला आहे. गेलेल्या वाक्यांत कथानकाला धरून असे एकही नाही. जवळजवळ सगळी वाक्ये घरातल्या बायकांच्या आपसातल्या बोलण्याची आहेत, कोणी कोणाला काय म्हणाले आणि कोण गप्प राहिले, एवढीच. कुलवृत्तांत लिहिणाऱ्यानेही नेमके हेच गाळले असते.

घरी येऊन आत्याला फोन केला. पणजीविषयी तिला जे जे आठवते ते लिहून काढायचे ठरवले आहे. आत्या म्हणाली, “लिही, पण मी सांगते तसेच लिही, सुधारू नकोस.” तेव्हा आता मलाच प्रश्न पडला आहे की तिचे ‘केलं’ मी कसे लिहावे. सोपी_मराठी, आपला तो फळ्यावरचा तास झाला की मुलींनी काय उत्तरे दिली ते येथे अवश्य कळवा.

---

सोपी_मराठी

तास गुरुवारी आहे. कळवते.